दगड मुरवणारे सेकंडकाका

सेकंडकाकांच्या बाराव्याला रत्नागिरीच्या मांडवीतल्या त्यांच्या अंगणात माणसं बसली होती आणि बोलणं फिरून फिरून दगडांवर येत होतं. एकजण म्हणाला, माझ्या तुळशीवृंदावनावर अजून डाग आहे. दुसरा म्हणाला, माझ्या कुंपणाच्या गडग्यातले चार चिरे मागून नेले आणि पुढच्या वर्षी परत आणून दिले, तेही घासूनपुसून. आयुष्यभर जहाजाची इंजिनं चालवलेला माणूस, आणि मागे गोष्टी उरल्या त्या दगडांच्या. मला त्याचं नवल वाटलं नाही. मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते तेव्हा त्यातल्या बहुतेक दगडांशी माझी ओळख झाली होती.

त्यांचं खरं नाव यशवंत सुर्वे. मालवाहू जहाजांवर सेकंड इंजिनिअर म्हणून राहिले, आणि सेकंड म्हणूनच निवृत्त झाले. चीफ का नाही झालात, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "चीफ कागद बघतो. इंजिन सेकंडकडे असतं. मला इंजिन आवडायचं." मांडवीत लहानथोर सगळे त्यांना सेकंडकाका म्हणत. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, अंगात बाह्यांची बनियन आणि गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी. चड्डीच्या मागच्या खिशात कायम एक फडकं लोंबत असे. बोलताना, हसताना, रागावतानासुद्धा ते त्या फडक्याला हात पुसत. तेल सुटून वर्षं झाली होती, सवय सुटली नव्हती.

दुसरी सवय म्हणजे एक वाक्य. दूधवाला गडबड करू लागला, गॅसवाला दारात ओरडला, गणपती विसर्जनाला पोरं घाई करू लागली, की सेकंडकाका सावकाश मान वळवून विचारायचे, "जहाज बुडतंय का?" समोरचा नाही म्हणायचा. मग ते म्हणायचे, "मग थांब की जरा."

मी लांजा तालुक्यातल्या एका वाडीतली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.एस्सी., केमिस्ट्री. हे मी न विचारता सांगते आणि सांगताना लाजत नाही. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळी गोठवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली. पाणी तपासायचं, बर्फ तपासायचा. राहायला सेकंडकाकांची माडी मिळाली. सामानाबरोबर मी डिग्रीची फ्रेम आणली होती, ती पहिल्याच दिवशी भिंतीवर टांगली.

नळ गळतो म्हणून काका वर आले. पाना फिरवून झाला आणि त्यांचं लक्ष फ्रेमकडे गेलं. जवळ गेले, थांबले. खिशातलं फडकं काढून हात पुसले, एकदा नव्हे, दोनदा. मग फ्रेमच्या कडेला बोट लावून सगळं वाचलं. विद्यापीठाचं नाव, माझं नाव, वर्ग, खालच्या सहीसकट.

"घरात पहिलीच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मीपण." मग दारापर्यंत जाऊन वळले. "पाण्यातला चुना मोजता येतो गो तुला?"

"येतो की."

"बरं झालं. देवच पावला."

त्या दिवसापासून मी 'केमिस्ट' झाले. भाजीवालीसमोरसुद्धा ते मला त्याच नावानं हाक मारत. "ही आमची केमिस्ट. हिला ताजी कोथिंबीर दे."

देव का पावला, ते मला खाली काकींकडे कळलं. सुमनकाकींना काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून राहिलेली सांभाळायची. त्यांना मधलं दिसायचं, कडांचं दिसेनासं होत चाललं होतं. भात वाढताना पानाच्या कडेची वाटी त्यांना दिसायची नाही. हे दुखणं त्या लपवत नसत. "माझी खिडकी लहान होतेय बाय," म्हणायच्या, आणि तीच वाटी चाचपून आमटी वाढायच्या.

काका सुट्टीवर आले की दर वेळी त्यांना एक गोष्ट सांगत आले होते. कुठल्याशा उथळ समुद्रात जहाज नांगरलं होतं, पाणी काचेसारखं, आणि खाली दगडांना फुलं आलेली. हलणारी, मिटणारी, उघडणारी. काकी कधी जहाजावर गेल्या नाहीत. सासू होती, मुलगी होती, पुढे गुडघे होते. त्यांनी त्या गोष्टीवर कधी विश्वासही ठेवला नाही. "घरी बायको वाट बघतेय म्हटल्यावर काहीतरी सांगायला नको? म्हणे दगडाला फुलं!"

आता काकांनी ठरवलं होतं की दगडाला फुलं आलेली हिला दाखवायची. पुढच्या खोलीत मोठी काचेची टाकी, खारं पाणी, दगड, त्यावर प्रवाळ, म्हणजे तीच फुलं. हिची खिडकी मिटायच्या आत.

पण टाकी बसवली की मासे सोडले, असं या कामात होत नाही. आधी दगड लागतो. तो नुसता शोभेचा नसतो. त्याच्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव वस्ती करतात, माशांची घाण तेच पचवतात. वस्ती बसायला महिने जातात. त्याआधी काहीही सोडलं तर मरतं. थोडक्यात, मांडवीतल्या सगळ्यात सावकाश माणसानं जगातलं सगळ्यात सावकाश काम हातात घेतलं होतं आणि या वेळी त्याला घाई होती.

तर दगड. काका शर्टाच्या खिशात व्हिनेगरची छोटी बाटली घेऊन हिंडू लागले. दिसेल त्या दगडावर थेंब टाकायचा. फसफसलं तर त्यात प्रवाळाला लागतो तो चुना आहे, म्हणजे कामाचा. नाही फसफसलं तर पुढे चला. आमच्याकडचा दगड एकतर काळा नाहीतर तांबडा जांभा, फसफसणार कुठून? रोज सकाळी हात हलवत परत. समुद्रातला एखादा चांगला दगड हाती लागला तर उलटसुलट करून बघत आणि जिथून उचलला तिथेच ठेवून येत. त्यावर कालवं असत, शंख चिकटलेले असत. "समुद्राचं आहे ते समुद्रात राहू दे."

एका सकाळी शेजारच्या नार्वेकरांच्या घरून आरडाओरडा ऐकू आला. मी माडीवरून वाकून पाहिलं. नार्वेकर वहिनी हातात पूजेचं तबक घेऊन उभ्या, आणि काका त्यांच्या संगमरवरी तुळशीवृंदावनापुढे उकिडवे बसलेले, कान दगडाला लावून.

"सेकंडकाका! तुळशीला काय घालताय?"

"व्हिनेगर. अगो, फसफसलं बघ! एक नंबर दगड आहे तुझ्याकडे!"

"अहो, डाग पडला त्याच्यावर!"

"पडणारच. चुना आहे ना."

काकी आमच्या पडवीतून ओरडल्या, "वहिनी, त्यांना आधी घरी पाठव. आणि ते वृंदावन आत घेऊन ठेव, नाहीतर टाकीत जाईल!"

शेवटी काकांनी रत्नागिरीतला माणूसच करेल अशी चूक केली. त्यांनी जांभा निवडला.

तसं बघायला गेलं तर जांभ्यासारखा दगड नाही. भोकाभोकांचा, वजनाला बरा, हवा तसा तासता येणारा. आमच्याकडे घर जांभ्याचं, विहीर जांभ्याची, गडगा जांभ्याचा. पोर चालायला लागतं ते जांभ्यावर आणि पहिल्यांदा गुडघा फोडून घेतं तेही जांभ्यावर. काकांनी पलीकडच्या आळीतल्या एका गडग्यातले चिरे मागून आणले, फोडले, घासले, उन्हात वाळवले. टाकीत रचल्यावर खरंच सुंदर दिसले.

मी म्हटलं, "काका, जांभ्यात लोखंड असतं. माती सुटेल, शेवाळ धरेल."

"अख्खी रत्नागिरी उभी आहे त्याच्यावर!"

"रत्नागिरी पाण्यात नाही, काका."

"विहीर आहे की पाण्यात."

"विहिरीत मीठ नाही. आणि आपण विहिरीत प्रवाळ पाळत नाही."

माझ्या शिक्षणाचा त्यांना अभिमान होता, पण जांभ्याचा त्याहून जुना होता. "बघू," म्हणाले.

बघितलं. आधी पाणी चहासारखं झालं. ते बदललं. मग दगडांवर तपकिरी साय धरली. ती ब्रशनं काढली. मग हिरवे केस उगवले, आणि काही आठवड्यांत टाकी म्हणजे पावसाळ्यातला गडगा झाला. काकी काचेला नाक लावून म्हणाल्या, "आली वाटतं फुलं."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा काका टाकी रिकामी करून चिरे अंगणात मांडत होते. मला बघून त्यांनी हात पुसले. "केमिस्ट जिंकली," एवढंच म्हणाले. चेष्टा नाही, कुरकुर नाही. इंजिन बंद पडलं की कारण मान्य करायचं आणि पुढचा पाना उचलायचा, असा त्यांचा स्वभाव होता. पण त्या दिवशी पाना उचलायला वेळ लागला.

कारण त्याच आठवड्यात ते काकींना डॉक्टरांकडे नेऊन आले होते. खिडकी आणखी लहान झाली होती. जांभ्यापायी महिने गेले होते आणि आता परत पहिल्यापासून सुरुवात.

रविवारी दुपारी मी खाली होते तेव्हा काका फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते. ही गोष्ट विशेष, कारण काका हळू बोलत नसत. इंजिनरूमनं त्यांना ओरडून बोलायला शिकवलं होतं. पलीकडे मुंबईचा एक विक्रेता होता. समुद्रातून काढलेले जिवंत दगड देतो, प्रवाळासकट, आठवड्यात टाकी तयार, कुणाला कळणार नाही. समुद्रातलं प्रवाळ असं काढणं गुन्हा आहे, हे काकांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी ते "हां, हां" करत होते. "पाठवा" हा शब्द ओठांवर होता.

काकी तांदूळ निवडत होत्या. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. मान वर न करता म्हणाल्या, "कुणाचा फोन?"

"असाच."

"असाच नाही. मला दिसत नाही, ऐकू येतं."

काकांनी फोन बाजूला धरला आणि खरं ते सांगून टाकलं. सांगताना आवाज परत मोठा झाला. "वेळ नाही सुमन! दगड मुरेपर्यंत तुझं..."

काकींनी सूप खाली ठेवलं. "तुम्ही एवढी वर्षं दर्यावर होतात तेव्हा मी थांबले ना? एका दगडासाठी नाही थांबणार? मला चोरलेला समुद्र नको." आणि मग, जन्मभर ऐकलेलं वाक्य नवऱ्याला परत करावं तसं म्हणाल्या, "जहाज बुडतंय का?"

काकांनी फोन बंद केला. फडकं काढलं, हात पुसले, मग तोंडही पुसलं.

"आणि दगड मिळत नाही, मिळत नाही काय लावलंय?" काकी परत तांदळाकडे वळल्या. "चुना असलेला हवा ना? माझ्या माहेरी परड्यात कालवांच्या शिंपल्यांचा डोंगर पडलाय. आई म्हणायची, याचाच चुना भाजत पूर्वी. दगड मिळत नसेल तर करा की."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "होईल."

पुढचे दिवस त्या घरात जत्रा होती. काकींचं माहेर खाडीकाठचं. तिथल्या बायका ओहोटीला खडकावरची कालवं काढतात, मांस घेतात आणि शिंपल्या मागे टाकतात. त्या शिंपल्या पोत्यांनी आल्या. काकांनी धुतल्या, फोडल्या, चाळल्या. पांढऱ्या सिमेंटमध्ये कालवल्या आणि त्यात जाडं मीठ घातलं. मीठ मागून पाण्यात विरघळतं आणि त्याच्या जागी भोकं राहतात. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात तो लगदा ओतायचा. आकार काकी देत. हातमोजे घालून वाळूत कोपरापर्यंत हात घालून बसत आणि बोटांनी गुहा कोरत. "इथं मासा झोपेल," म्हणायच्या. "आणि इथं त्याची बायको. तिला वेगळी खोली हवी. हा जहाजावर असेल."

दगड घट्ट झाले तरी कामाचे झाले नव्हते. सिमेंटचा जाळणारा चुना बाहेर पडेपर्यंत पिंपात बुडवून ठेवायचे, पाणी बदलायचं, परत बुडवायचे. मी कामावरून आले की काका पिंपाचं पाणी वाटीत घेऊन जिन्याच्या पायथ्याशी उभे असत. मी त्यात तपासणीचे थेंब टाके. रंग गडद जांभळा, म्हणजे चुना सुटतोच आहे. "अजून नाही," मी म्हणे. "बरं," म्हणून ते पाणी बदलायला जात. आठवड्यांमागून आठवडे हेच. मग खाऱ्या पाण्यात मुरवणं. सूक्ष्म जिवांना खाणं हवं म्हणून त्यांनी पिंपात एक कोलंबी सोडली. ती कुजली. वास नार्वेकरांच्या देवघरापर्यंत गेला.

"सेकंडकाका, काय मेलंय तुमच्याकडे?"

"मेलं नाही वहिनी, जगतंय!"

मांडवीत बातमी झाली की सेकंडकाका दगडांचं लोणचं घालताहेत. बाजारात लोक विचारत, "मुरलं का?" काका शांतपणे उत्तर देत, "मीठ धरलंय. अजून वेळ आहे." एवढं सगळं करताना त्यांनी एकदाही पिंपाचं झाकण घाईनं उघडलं नाही की मला "आज तरी?" असं विचारलं नाही. फक्त काकींना थेंब घालताना त्यांचा हात पूर्वीपेक्षा जास्त वेळ त्यांच्या कपाळावर राहायचा.

एक दिवस कुजल्याची घाण तपासायचे थेंब टाकले आणि पाण्याला रंगच आला नाही; घाण पचली होती. मी परत टाकले. तेच. "काका," मी म्हटलं, "मुरलं." ते आत वळून ओरडले, "सुमन, केमिस्ट हो म्हणाली!" अख्ख्या गल्लीला कळलं.

टाकीत दगड लावायचे होते त्या दिवशी मी सुट्टी घेतली. मला वाटलं होतं दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे दरी, चित्रांत असतं तसं. काका म्हणाले, "नाही. सगळे मधे." लांबलचक टाकीच्या मधोमध एकच उंच रास, पुढच्या काचेला जवळजवळ चिकटलेली. दोन्हीकडे नुसतं रिकामं पाणी. मी पाण्यात हात घालून वरचा दगड धरून उभी, आणि काका गेले पलीकडे. काकींच्या वेताच्या खुर्चीत बसले. कॅलेंडरचं जुनं पान घेतलं, गुंडाळून नळी केली, एका डोळ्याला लावली आणि दुसरा मिटला.

"डावीकडे. अजून. वर जरा. थांब."

"काका, दगड जड आहे!"

"जहाज..."

"नाही बुडत, पण हात गेलाय माझा!"

तेव्हा मला कळलं ते काय करताहेत. त्यांनी नळी आणखी आवळली, म्हणजे आणखी लहान खिडकी, पुढच्या वर्षीची, आणि परत पाहिलं. "तिथंच. सोड."

नंतर त्यांचा पुतण्या कोल्हापूरहून आला तेव्हा म्हणाला, "काका, सगळं मधेच का कोंबलंय? बॅलन्स नाही यात." काका म्हणाले, "असंच हवंय," आणि चहा मागवला.

प्रवाळ आलं ते टाकीतच रोपासारखं वाढवलेलं, पुण्याच्या एका हौशी माणसाकडून, पावतीसकट. बटणाएवढी मऊ फुलं, हिरवी, मधे केशरी. दगडाच्या वरच्या टप्प्यावर चिकटवली तेव्हा मिटून गेली. दोन दिवस उघडली नाहीत. काका जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले होते तर खालून काकींचा आवाज आला, "अहो! बाय! या इकडे."

त्या खुर्चीत पुढे वाकल्या होत्या. फुलं उघडली होती आणि पाण्याबरोबर हलत होती. काका दारात उभे, फडकं हातात, पण हात पुसायचं विसरलेले. काकींनी काचेला बोट लावलं. मग म्हणाल्या, "आहेत गो. खरंच आहेत." आणि नवऱ्याकडे न वळता, "एवढीशीच? एवढ्याशासाठी जन्मभर बाता मारल्यात?"

काका इतके हसले की त्यांना भिंत धरावी लागली.

पुढे टाकीत मासे आले, आणि मला चिपळूणला चांगली नोकरी मिळाली. जायच्या दिवशी रिक्षा दारात आली, सामान चढलं, डिग्रीची फ्रेम मी मांडीवर घेतली. नमस्कार सकाळीच करून झाला होता. तरी उतरून पुन्हा पडवीत गेले आणि खिडकीतून आत पाहिलं. काकांचं मी पाहिलेलं शेवटचं रूप ते तसंच राहिलं. काकी खुर्चीत, काका शेजारी स्टुलावर, दोघांची डोकी काचेपाशी.

"तो भगवा मासा गुहेत गेला," काकी म्हणाल्या.

"कुठं? मला नाही दिसला."

"मी कोरलेली खोली. बायकोची. तिथं काय बघताय, इकडे, मधे बघा."

काकांनी गुंडाळलेलं कॅलेंडर उचललं, डोळ्याला लावलं. "कुठं गो?"

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मग पुन्हा, जोरात.

"जहाज बुडतंय का?" काका काचेवरून नजर न काढता ओरडले.

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.